चटईवरची कात

१

कात सापडली ती शुक्रवारी दुपारी, मुलांना झोपवायच्या वेळेला. पाळणाघराच्या मावशीनं कोपऱ्यातल्या चळतीवरची पहिली चटई ओढली आणि तिच्यावरून दोन हात लांब, पांढुरकं, हलकं असं काहीतरी सरसरत जमिनीवर आलं. मावशी किंचाळली. मावशी किंचाळली म्हणून सतरा मुलं किंचाळली. मुलं किंचाळली म्हणून दारात चपला घालत असलेली जुळ्यांची आई परत आत आली, आणि तिनं जे पाहिलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या आयांच्या फोनवर पोचलं होतं.

तासाभरात माळ्यानं मागच्या पायरीखालून एक साप काढून फावड्यानं ठेचला. काळपट अंग, त्यावर पांढरे पट्टे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. परवाना देणाऱ्या कचेरीतले निरीक्षक तेवढ्यानं विरघळणारे नव्हते. त्यांनी दाराला 'बंद'चा कागद डकवला आणि जाता जाता सांगितलं, "कात ह्याच सापाची आहे, असं कुणा जाणकाराकडून लिहून आणा. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर परवाना विसरा."

जाणकार म्हणजे सापवाल्या बाई. संग्रहालयात एकतीस वर्षं बाटल्यांतल्या सापांना चिठ्ठ्या लावून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची पाठ फिरल्यावर संग्रहालयानं सापांचं दालन मोडून तिथं उपाहारगृह काढलं, आणि बाईंच्या जिभेला जी धार आली ती तेव्हापासूनच. माणसांपेक्षा बाटलीतले साप बरे, एकदा लावलेली चिठ्ठी बदलावी लागत नाही, असं त्या कुणालाही तोंडावर ऐकवत.

शनिवारी सकाळी त्या आल्या. बसायला मुलांचीच बुटकी खुर्ची होती. गुडघे हनुवटीशी घेऊन त्या तिच्यावर कशाबशा टेकल्या. समोरच्या बुटक्या टेबलावर बिस्किटाच्या डब्यात मेलेला साप होता आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कात.

"दोनच ओळी लिहून द्या, बाई," मावशी म्हणाली. रात्रभर तिचा डोळा लागलेला नव्हता, ते दिसतच होतं. "अकरा वर्षं मी हे घर मुलांनी भरलंय. आत्तापर्यंत पाच आयांनी सांगितलंय, कागद येईपर्यंत नाही पाठवत म्हणून. सोमवार हुकला तर बाकीच्याही जातील."

"दोन ओळी लिहायला एकतीस वर्षं लागतात. जरा दम धरा."

बाईंनी भिंग काढलं. कात अगदी सुरेख होती. कुठे फाटलेली नाही, हाताला मऊ. डोळ्यांवरचे पारदर्शक टोपसुद्धा जागच्या जागी, टपोरे, वर आलेले. काचेआड लावून ठेवावी अशी. शेपटीच्या अगदी टोकाला तेवढं टाचणीएवढं भोक होतं, पण ते किड्यानं पाडलं असेल म्हणून बाईंनी सोडून दिलं. मग त्यांनी डब्यातला साप चिमट्यानं उलथा केला, पुन्हा सुलथा केला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा किती लांब आहे?"

"असेल हातभर."

"आणि कात दोन हात. कात सापापेक्षा थोडी लांब निघते, दुप्पट नाही निघत. आता इकडे या. ह्याच्या पाठीवर, मधोमध बघा. सगळे खवले सारख्या मापाचे आहेत ना? आता कातीची पाठ बघा. मधली एक ओळ मोठी आहे, सहा कोनांच्या खवल्यांची. शेपटीखाली बघा. ह्याचे खवले जोडीजोडीनं, कातीचे एकेक, सलग." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "तुमच्या माळ्यानं मारला तो कवड्या. पाली खाऊन जगणारा गरीब जीव. त्याला विष नाही. कात मण्यारीची आहे."

"मण्यार म्हणजे?"

"विषारी. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते. मुंगी चावल्यासारखं वाटतं, पुष्कळदा तेवढंही कळत नाही. सकाळी माणूस उठत नाही."

मावशीनं सतरा चटयांच्या चळतीकडे पाहिलं. सापाचा निकाल लागला म्हणून काल सगळे हसत घरी गेले होते, आणि ज्याचा निकाल लावायचा तो साप वेगळाच होता.

२

"घर दाखवा," बाई म्हणाल्या.

घर म्हणजे तीन खोल्या आणि मागे एक चिंचोळी खोली. रांगती मुलं असलेल्या घराला जसं बंदिस्त ठेवावं लागतं तसं हे होतं. खिडक्यांना बारीक जाळ्या. दारांच्या खाली रबराची पट्टी, मुलांची बोटं सापडू नयेत म्हणून. मोरीच्या जाळीला सिमेंट. बाई गुडघ्यांवर बसून, कण्हत, प्रत्येक कोपरा बघत गेल्या. सापाला आत यायला फट कुठेही नव्हती, आणि काती तर काही चालत येत नाहीत.

मागच्या खोलीत शिवणयंत्रावर मावशीची थोरली बहीण बसली होती. नवरा गेल्यापासून ती इथेच होती. मुलं तिला ताई म्हणत, मुलांच्या आया ताई म्हणत, आणि सतराही मुलांची लाळेरी, दुपटी, उशांचे अभ्रे तिच्याच हातचे होते. खोलीत यंत्र, एक खाट, भिंतीला टांगलेली कात्री आणि माप घेण्याची पट्टी. तेवढ्यानंच ती भरली होती.

"ही खोली पुढच्या महिन्यात तान्ह्या बाळांसाठी करतेय," मावशी दारातूनच म्हणाली. "आठ जणांनी नावं दिली होती. ताई दादाकडे जाईल गावाला. तिथं मोकळी हवा आहे, माणसं आहेत. हो ना गं ताई?"

ताईनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे बघायला मावशी थांबली नाही. तिचा फोन वाजत होता.

बाई खाटेवर टेकल्या. ताई लाळेऱ्याच्या नाड्या करत होती. उलट्या बाजूनं शिवलेली करंगळीपेक्षा बारीक नळी. तिच्या बंद टोकाला ताईनं सुईनं एक टाका घेतला, सुई नेढ्याकडून नळीत सारली, दुसऱ्या तोंडातून ओढली, आणि नळी आतल्या आत सरकत सुलटी होऊन बाहेर आली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर.

"छान हात आहे."

"पंचेचाळीस वर्षं हेच करतेय. उलटं कापड हातात आलं की आधी सुलटं होतं, मग मी विचार करते." ताई हसली. मग तिनं विचारलं, "आमच्या चिमीला, मावशीला हो, काय सांगत होतात? कशाची कात म्हणालात?"

"मण्यारीची."

ताईचा हात चाकावर होता, तो तिथेच राहिला. "झोपेत चावते, ती?"

"तीच."

ताईचा रंग उडाला. बाईंना वाटलं, मुलांच्या काळजीनं असेल. काळीज असलेल्या माणसाचा उडेलच. त्यांनी विचारलं, "शुक्रवारी सकाळी चटयांच्या खोलीत कोण कोण गेलं होतं?"

"मी केर काढायला गेले होते. माळी पाण्याची बादली ठेवायला. वरचे काका भांडायला आले होते, ते तर थेट चटयांपर्यंत गेले. मुलं किती नाचतात ते दाखवायला."

माळी बाहेर नळाशी बसला होता. आपण मारला तो साप बिनविषारी होता हे ऐकून त्याचा चेहरा इतका उतरला की बाईंनाही जरा दया आली.

"पण बाई, पट्टे होते ना त्याला!"

"पट्टे लेंग्यालाही असतात. फावड्यानं ठेचता का?"

"गवत कापलं नाही म्हणून मावशी माझ्यावर चिडल्या होत्या. म्हटलं, साप मारून दाखवला तर जरा बरं बोलतील." त्यानं ओशाळून जाडजूड, भेगाळलेली बोटं लेंग्याला पुसली. "आत कात आहे हे मला मुलं ओरडल्यावर कळलं. देवाशपथ. सापाचं काही हवं असेल तर काकांना विचारा. त्यांच्याकडे कपाटभर मेलेली जनावरं आहेत."

बाईंनी मान वर करून पाहिलं. वरच्या खिडकीतला पडदा झटकन मिटला.

३

वरचे काका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दुपारची झोप हा त्यांचा एकमेव आनंद, आणि त्यांच्या झोपेच्या बरोबर खाली सतरा मुलं. कचेरीकडे त्यांनी तीन तक्रारी केल्या होत्या, हे त्यांनी बाईंना बसायला सांगायच्या आधीच सांगितलं.

"आणि चौथीच्या ऐवजी कात?" बाईंनी विचारलं.

काकांचे कान लाल झाले. "मी सहीनिशी भांडतो, बाई. तारीख घालतो, प्रत ठेवतो. रात्रीतून कात टाकून येणारा माणूस नव्हे मी! साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही लोक."

"कपाट दाखवाल?"

दाखवायला ते एका पायावर तयार होते. गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. बेडकाचा सांगाडा, विंचू, फुलपाखरांची पेटी. आणि मधल्या फळीवर काचेच्या चौकटीत एक लांबलचक कात.

"धामणीची. शाळेच्या कुंपणात मिळाली. जशी मिळाली तशी चिकटवलीय, एक सुरकुती काढलेली नाही."

बाईंनी चौकट खिडकीशी नेली. धामणीचीच होती. त्यांनी सवयीनं डोळ्यांकडे पाहिलं. टोप जागेवर होते, पण वर आलेले नव्हते. आत गेलेले होते, दोन इवल्या वाट्यांसारखे.

"काका, ही तुम्ही सुलटी नाही केलीत?"

"कशाला करू? अहो, साप कात कशी टाकतो? ओठाशी सोडवतो आणि त्यातून पुढे निघून जातो. आपण पायमोजा वरून सोलत काढतो तसा. आतली बाजू बाहेर येते. कात मिळते ती उलटीच मिळते. चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, आणि तुम्ही संग्रहालयातल्या, तुम्ही मला विचारताय?"

बाईंना स्वतःचाच राग आला. संग्रहालयात कात काचेआड लावायची तर आधी ती सुलटी करून घेत. त्यासाठी खास एक माणूस होता, कात पाण्यात भिजवून, काचेच्या कांडीनं, दिवसभर खपून तो ते करी, आणि तरी चारातल्या तीन फाटत. बाईंनी एकतीस वर्षं त्या सुलट्या कातींवर चिठ्ठ्या लावल्या. म्हणूनच खालची कात त्यांच्या डोळ्यांना खटकली नाही. त्या ओळखीच्या चेहऱ्याला फसल्या होत्या.

त्यांनी पिशवीतून फोल्डर काढला. कातीवरून शेपटीकडून डोक्याकडे हलकेच बोट फिरवलं. खवल्यांच्या कडा बोटाला लागल्या. टोप वर आलेले. शंकाच नको, ही कात कुणीतरी सुलटी केली होती. ती त्या खोलीत कुठल्याही सापानं टाकलेली नव्हती. माणसाच्या हातानं ती आत आली होती.

काका? काकांनी केली असती तर उलटीच ठेवली असती. सुलटी कात दिसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नापास होणं. माळी? फावडं धरणाऱ्या त्या बोटांनी ती चिंधड्या होऊन निघाली असती. आणि ठेवायचीच तर कुणी इतकी मेहनत का घ्यावी? घाबरवायला उलटी कातही पुरते.

मग त्यांनी शेपटीच्या टोकावरचं ते भोक भिंगाखाली धरलं. किडा कडा कुरतडतो. ह्या भोकाची कड गोल आणि साफ होती. सुईनं केलेली.

"काका," बाई म्हणाल्या, "तुमची झोप आज मोडली असेल तर माफ करा. माझी तर उडालीच आहे."

४

ताई अजून यंत्रावरच होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि कात तिच्यासमोर नाड्यांच्या शेजारी ठेवली.

"बंद टोकाला टाका घेतलात. सुई आतून ओढलीत. संग्रहालयात चारातल्या तीन फाटत, ताई. तुमची एक नाही फाटली."

ताईनं कातीकडे पाहिलं. नाकारायचं तिच्या मनात आलं असेल तर ते चेहऱ्यावर आलं नाही.

"इस्त्रीचं पाणी शिंपडून मऊ केली आधी," ती म्हणाली. "चुरगळलेली, उलटी अशी कशी दाखवायची कुणाला?"

"दाखवायची?"

"चिमीला." ताईनं हात मांडीवर ठेवले. "मागच्या महिन्यात दादाकडे जाऊन आले. म्हटलं, राहायचंय तर बघून यावं. माझ्यासाठी खोली रिकामी करतोय म्हणाला होता. लाकडं ठेवायची खोली आहे ती, बाई. अर्धी लाकडं अजून तिथंच आहेत. म्हणाला, ती काय तुला खातात का? मी कोपरा झाडायला घेतला तर ढिगाशी ही मिळाली. पदरात बांधून आणली. वाटलं, चिमीला दाखवली तर ती काही बोलेल. निदान दादाला फोन करेल."

"मग?"

"चार वेळा तिच्यापुढे धरली. एकदा ती डबे मोजत होती. एकदा फोनवर होती. ताई, नंतर बघते. नंतर गं. गुरुवारी येऊन म्हणाली, तुझ्या जायचा दिवस ठरवलाय, टेम्पोवाल्याला सांगितलंय. तेव्हा मग सकाळी चटयांवर ठेवली. चटया ती रोज बघते. चटयांकडे बघायला तिला वेळ असतो."

यंत्राचा पट्टा सैल होऊन लोंबत होता. ताईनं तो उगाचच जागेवर बसवला.

"मुलं घाबरतील असं वाटलं नाही?"

"ती चटया एकटीच काढते, मुलं हात धूत असतात तेव्हा. काल जेवणं लवकर आटपली." ती थांबली. "पण तुमच्याशी खोटं बोलत नाही. दाराला कागद लागला तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. गप्प बसले. मनात आलं, बंद पडलं तर तान्ही बाळं येणार नाहीत, आणि माझी खाट जिथं आहे तिथं राहील. मीच आंघोळी घातलेल्या मुलांच्या जिवावर बसून मी कालपासून हा हिशेब केला. विषारी आहे हे मात्र खरंच माहीत नव्हतं. आज तुमच्याकडून कळलं."

दार उघडंच होतं की काय कोण जाणे. मावशी उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, ते तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

बाईंनी कागद घेतला आणि लिहिलं: कात मण्यारीची आहे. ती ह्या घरात टाकलेली नाही, दूरच्या गावाहून हातानं आणलेली आहे. घरात साप आल्याची एकही खूण नाही. मारलेला साप बिनविषारी होता. खाली सही केली. प्रत्येक शब्द खरा होता.

मावशीनं कागद दोनदा वाचला. तिचे डोळे भरून आले होते, आणि पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते असं:

"म्हणजे सोमवारी उघडता येईल ना?"

"येईल की," उत्तर ताईनंच दिलं.

"ताई, तू मला सांगायचं होतंस गं!"

"सांगितलं होतं, चिमे."

मावशीला बहिणीची माया नव्हती असं नाही. पण आठ बाळांची नावं घेऊन झाली होती, पाळणे सांगून झाले होते, आणि माया नंतरही करता येते. "मी दादाला फोन करते," ती शेवटी म्हणाली. "खोली नीट झाडून घे म्हणते. लाकडं हलवायला लावते. हलवेल तो." तेवढ्यात तिच्याच हातातला फोन वाजला. जुळ्यांची आई होती. "हो हो! काही नाही हो, साधा साप होता. हो, लेखी आलंय. पाठवा ना सोमवारी!" असं बोलत बोलत ती पुढच्या खोलीत गेली. तिचा आवाज कालपासून पहिल्यांदा मोकळा झाला होता.

बाईंनी घसा साफ केला. जी गोष्ट त्यांना येत होती ती तरी त्यांनी नीट सांगायची ठरवली.

"ताई, नीट ऐका. कात तिथं आहे म्हणजे मण्यार तिथं आहे. लाकडं हलवली तरी लगेच जाईल असं नाही. जमिनीवर अजिबात झोपायचं नाही. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्या. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा."

"पलंग नाहीये तिथं," ताई म्हणाली. "ही खाट इथंच राहणार आहे. बाळांचे कपडे बदलायला लागेल म्हणाली चिमी."

बाईंच्या घरी दोन खोल्या होत्या. एकीत त्या राहत. दुसरीत संग्रहालयातून आणलेली जुनी खोकी होती, जी एका दुपारीत हलवता आली असती. वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. मग त्यांना शिवणयंत्राची खडखड ऐकू आली, मोरीतला दुसरा तांब्या दिसला, सकाळी उठल्या उठल्या बोलायला लागणारं माणूस दिसलं, आणि ते वाक्य त्यांनी गिळलं.

"मग दादाला एक पलंग करून घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या.

"हो, सांगते."

कुणाला सांगणार होती ती, आणि ऐकणार कोण होतं! बाईंनी भिंग पिशवीत टाकलं आणि त्या निघाल्या. पुढच्या दारापर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटत होती. फाटकापर्यंत ती बरीच ओसरली, आणि रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की आपलं काम साप ओळखण्याचं, तेवढं आपण चोख केलं.